अहिंसा, शांतता, समेट: वाचनगटात काय वाचावं, कुठून सुरुवात करावी?

ग्रंथपाल_ताई

नमस्कार मंडळी. मी एका तालुक्याच्या गावात सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षांची मुलं-मुली तिथे पहाटेपासून बसतात.

मागच्या वर्षी आमच्याकडे एका व्हॉट्सॲप स्टेटसवरून दगडफेक झाली. दोन्हीकडची दुकानं फुटली, काही जळाली, संचारबंदी लागली. आता वरवर सगळं शांत आहे, बाजार भरतो, मिरवणुका बंदोबस्तात निघतात. पण अभ्यासिकेत पूर्वी एका टेबलावर बसणारी मुलं आता वेगवेगळ्या खोल्यांत बसतात आणि डबे वेगवेगळे उघडतात. हे मला रोज दिसतं आणि रोज त्रास देतं.

दर रविवारी संध्याकाळी आम्ही वाचनगट चालवतो. दोन्हीकडची मुलं त्याला अजून येतात, एवढीच एक जागा उरली आहे. तिथे हा विषय घ्यायचं ठरवलं. अडचण अशी की या मुलांना गांधी म्हणजे एका गुणाचा प्रश्न. दांडी यात्रा कधी, सोबत किती जण? उत्तर झटकन येतं: १२ मार्च १९३०, ७८ जण. पण ते ७८ कसे निवडले, त्यांची तयारी काय होती, यावर सगळे गप्प. मागच्या बैठकीत एका मुलाने विचारलं, "मॅडम, अहिंसा म्हणजे शेवटी मार खाणंच ना?" आणि एक मुलगी लगेच म्हणाली, "आणि समेट म्हणजे ज्याचं नुकसान झालं त्यानेच गप्प बसायचं." तिच्या वडिलांचं दुकान गेलं आहे.

मला पुस्तकं सुचवा. शक्यतो मराठीत, नाहीतर सोप्या इंग्रजीत. मी आधी वाचून सांगेन. एका बैठकीत वीस-पंचवीस पानांपेक्षा जास्त होत नाही. आणि उपदेश नको. उपदेश सुरू झाला की मुलं मोबाइल काढतात.

सीताबर्डी

ताई, त्या मुलाचा प्रश्न आणि त्या मुलीचं वाक्य, या दोन्हींपासूनच सुरुवात करा. याहून चांगली प्रस्तावना कुठल्या पुस्तकात सापडायची नाही.

मी नागपुरात वकिली करते आणि जिल्हा न्यायालयाच्या मध्यस्थी केंद्रात मध्यस्थ म्हणून बसते. भाऊबंदकी, बांधाचे वाद, नवरा-बायको. या कामामुळेच मी हे वाचायला लागले. वाचता वाचता माझं एक मत पक्कं झालं: अहिंसा चांगली का, हे सांगणारी पुस्तकं नंतर वाचावीत. आधी एखादा लढा तपशिलाने वाचावा. लोक आदल्या रात्री कुठे जमले, काय ठरलं, कोण नको म्हणालं, पोटापाण्याचं काय केलं, बोलणी कुणी केली, दुसऱ्या दिवशी काय झालं. हे वाचलं की मुलांच्या डोक्यातली मार खाण्याची कल्पना आपोआप सुटते.

मी नॅशव्हिलचा लढा सुचवेन. त्याचं एक कारण आमच्या गावाशी जोडलेलं आहे. १९५३ ते १९५६ या काळात इथल्या हिस्लॉप कॉलेजात जेम्स लॉसन नावाचा एक तरुण कृष्णवर्णीय अमेरिकन मिशनरी होता. कोरियाच्या युद्धासाठीची सक्तीची लष्करभरती नाकारून, त्यापायी तुरुंगवास भोगून आलेला. इथे तो मुलांना खेळांचं प्रशिक्षण द्यायचा आणि गांधींचा अभ्यास करायचा. अलाबामात माँटगोमेरीच्या कृष्णवर्णीय लोकांनी वर्णभेदाविरुद्ध बसवर बहिष्कार टाकल्याची बातमी त्याने इथेच, 'नागपूर टाइम्स'मध्ये वाचली. परत गेल्यावर त्याची मार्टिन ल्यूथर किंग यांच्याशी भेट झाली. थांबू नकोस, लगेच दक्षिणेत ये, असा किंग यांचा आग्रह होता. मी हिस्लॉपची विद्यार्थिनी. त्या आवारातून जाताना आजही ही गोष्ट आठवते आणि छाती भरून येते.

लॉसन टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलला गेले आणि तिथल्या विद्यार्थ्यांना घेऊन एका चर्चच्या तळघरात शिबिरं घ्यायला लागले. शहरातल्या मोठ्या दुकानांत कृष्णवर्णीयांना कापडचोपड विकत मिळायचं, पण त्याच दुकानातल्या खाण्याच्या काउंटरवर बसता यायचं नाही. तिथे जाऊन बसायचं, एवढाच बेत. त्याची तयारी मात्र कित्येक महिने चालली. तळघरात खुर्च्या मांडायच्या, काहींनी काउंटरवर बसायचं, काहींनी गुंड व्हायचं. गुंड झालेल्यांनी खरोखर शिव्या द्यायच्या, केस ओढायचे, खुर्चीवरून ढकलायचं. पडल्यावर डोकं कसं झाकायचं, शेजारच्याला मार बसत असेल तर मध्ये अंग कसं घालायचं, हेही शिकवलं जाई. आणि ज्याला स्वतःवर ताबा ठेवणं जमणार नाही त्याने काउंटरवर बसायचं नाही, त्याने दुसरं काम करायचं.

१३ फेब्रुवारी १९६० ला ते पहिल्यांदा मोठ्या संख्येने गेले, चांगले कपडे घालून, अभ्यासाची पुस्तकं घेऊन. त्यांनी छापलेली नियमांची यादी मुलांना जरूर वाचून दाखवा. उलट मारायचं नाही, उलट शिवी द्यायची नाही, मोठ्याने हसायचं नाही, म्होरक्याने सांगितल्याशिवाय जागा सोडायची नाही, ताठ बसायचं, तोंड काउंटरकडे. तुमच्या अभ्यासिकेतल्या मुलांच्याच वयाच्या पोरांनी ही यादी केली होती. त्यातला एक जॉन लुईस, पुढे खासदार झाला. त्याने आपली हकिगत 'मार्च' नावाच्या तीन भागांच्या चित्रकथेत सांगितली आहे. इंग्रजी सोपं आहे, चित्रं बोलकी आहेत, तुमच्या वीस पानांच्या हिशेबात बसते.

पण तिथे थांबू नका. खरी शिकण्यासारखी गोष्ट नंतरची. अटका झाल्या तेव्हा मुलांनी दंड भरण्याऐवजी तुरुंग पत्करला. घरोघरच्या बायकांनी ईस्टरच्या तोंडावर त्या दुकानांतली खरेदी बंद केली, गल्ला बसला. एप्रिलमध्ये त्यांच्या वकिलाच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. त्याच दिवशी हजारो लोक महापौरांकडे चालत गेले, आणि डायान नॅश या विद्यार्थिनीने महापौरांना सगळ्यांसमोर सरळ विचारलं, केवळ कातडीच्या रंगावरून माणसाला वेगळं वागवणं बरोबर आहे का? महापौर म्हणाले, नाही. १० मे रोजी काउंटर उघडले. तेही वाजतगाजत नाही, दुकानदारांशी आधी ठरवून, लहान लहान गटांनी गेले, गाजावाजा केला नाही. म्हणजे दुकानदाराला मान खाली घालावी लागू नये याचीही काळजी घेतली. मध्यस्थ म्हणून मला हा भाग सगळ्यात मोठा वाटतो. जिंकल्यावर समोरच्याला त्याच बाजारात रोज दुकान उघडायचं आहे, हे त्यांच्या लक्षात होतं.

मुलं आकडे मागतीलच. एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन यांनी २०११ मध्ये 'व्हाय सिव्हिल रेझिस्टन्स वर्क्स' हे पुस्तक लिहिलं. १९०० ते २००६ या काळातली ३२३ आंदोलनं त्यांनी तपासली. अहिंसक आंदोलनांपैकी ५३ टक्के यशस्वी झाली, सशस्त्र लढ्यांपैकी २६ टक्के. मात्र ही आंदोलनं राजवट बदलणं, परकी सत्ता घालवणं अशा प्रकारची आहेत. दोन आळ्यांतल्या दंगलीला हा आकडा लावू नका. त्यासाठी वेगळं वाचावं लागेल, ते उद्या लिहिते.

कोतवालपुरा

धागा फार चांगला आहे, वाचनखूण साठवली. सीताबर्डी ताईंचा प्रतिसाद आवडला. पण मराठी मुलांना अहिंसक लढ्याची तयारी दाखवायला नॅशव्हिलच्या आधी महाडला जा, असं मी आग्रहाने सांगेन. तीस वर्षं मराठी शिकवलं, पाठ्यपुस्तकात चवदार तळ्याला दोन ओळी मिळतात हे जवळून पाहिलं आहे.

२० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, एवढं सगळ्यांना माहीत असतं. त्याच दुपारी काय झालं ते वाचायला द्या. हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा गावात पसरली. सभेच्या मांडवात लोक जेवत होते, काही गावी परतायला निघाले होते, त्यांच्यावर लाठ्या घेऊन जमाव तुटून पडला. अन्न मातीत मिसळलं. जमलेल्यांत लष्करात राहून आलेले कितीतरी जण होते. त्यांच्या मनात आलं असतं तर त्या दिवशी महाडमध्ये काय झालं असतं याची कल्पना करा. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं आणि कायद्याच्या वाटेने फिर्याद गुदरायला लावली. ताई, अफवा, मग जमाव, हे तुमच्या मुलांना ओळखीचं वाटेल. स्टेटस नव्हतं एवढाच फरक.

डिसेंबरात ते परत आले तेव्हा परिषदेला जागा द्यायला कुणी तयार नव्हतं. फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. हे वाक्य तुमच्या गटात वाचलं गेलंच पाहिजे. विरोधकांनी कोर्टातून तळ्यावर तात्पुरती मनाई आणली होती. मनुस्मृती २५ तारखेला जाळली, पण तळ्यावरचा सत्याग्रह चर्चा करून पुढे ढकलला आणि कज्जा कोर्टात लढवला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ च्या मार्चमध्ये आला, तळं सगळ्यांसाठी. दहा वर्षं! 'बहिष्कृत भारत'मधले त्या काळचे त्यांचे लेख महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या खंडांत आहेत, तुमच्या वाचनालयातही कदाचित असतील. बाबासाहेबांचं त्या वेळचं मराठी मोठ्याने वाचा. अंगावर काटा येतो.

आणि एक विनंती. गांधी वाचाल तेव्हा बाबासाहेबांचं 'जातिप्रथेचे विध्वंसन'ही वाचा, आणि २५ नोव्हेंबर १९४९ चं घटना समितीतलं भाषणही. संविधानाचे मार्ग खुले असताना सत्याग्रहाचा मार्गही सोडून द्यावा, असं ज्यांनी स्वतः सत्याग्रह केले ते बाबासाहेब तिथे म्हणतात. मुलांना यावर भांडू द्या, भरपूर.

दुकान गेलेल्या त्या मुलीला मात्र जपा. समेटाची पुस्तकं बहुतेकदा नुकसान झालेल्याकडूनच मोठ्या मनाची अपेक्षा करतात. आधी भरपाई, आधी कबुली, मग गळाभेट. शोषितांना क्षमा शिकवणारे पुष्कळ भेटतात, न्याय मिळवून देणारे कमी.

मागवाला_भिवंडी

मी फार वाचणारा नाही, पण एक पुस्तक छातीठोकपणे सांगतो. सुरेश खोपडे यांचं 'मुंबई जळाली, भिवंडी का नाही?' मराठीतच आहे.

आमची भिवंडी १९७० मध्ये पेटली, १९८४ मध्ये पेटली. भिवंडी म्हटलं की दंगल, असं समीकरण झालं होतं, बाहेरगावचे लोक मुली द्यायला घाबरायचे. ९२-९३ मध्ये शेजारी मुंबईत एवढा कहर झाला, न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाच्या हिशेबाने ९०० माणसं गेली, आणि भिवंडी शांत राहिली. खोपडे साहेब त्याआधी इथे पोलीस उपायुक्त होते. त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या, त्याची हकिगत या पुस्तकात आहे.

माझे वडील आमच्या भागाच्या समितीत होते. यंत्रमागाचा छोटा कारखाना होता आमचा. मी तेव्हा शाळेत, त्यांच्याबरोबर जाऊन कोपऱ्यात बसायचो. दोन्ही समाजाची माणसं निम्मी-निम्मी, आणि पुढारी जवळजवळ नाहीतच. मागवाले, पानवाला, मास्तर, सुताला खळ देणारा सायझिंगवाला. बोलणं काय, तर गटार तुंबलं, नळाला पाणी नाही, रात्रीच्या पाळीत मागांचा आवाज, कुणाच्या पोराने कुणाच्या पोराला मारलं. दंगलीचा विषय क्वचित निघायचा. पण बीटचा हवालदार सगळ्यांना नावाने ओळखायला लागला आणि वडिलांना पलीकडच्या गल्लीतल्या चार माणसांच्या घरचे दरवाजे माहीत झाले. डिसेंबर ९२ मध्ये रात्री अफवा आली तेव्हा वडील सरळ त्या दरवाजांवर गेले. अफवा खोटी निघाली. ही तयारी आधीच्या शांत वर्षांत झालेली होती. आग लागल्यावर विहीर खणून काय उपयोग.

तुमच्याकडे आता शांत आहे ना? मग आताच हे पुस्तक वाचा.

सीताबर्डी

कोतवालपुरा सर, महाडबद्दल शंभर टक्के मान्य. ताई, पहिला नंबर महाडचा आणि दुसरा नॅशव्हिलचा ठेवा. दोन्ही शेजारी ठेवून वाचले की मुलांना स्वतःलाच साम्य दिसेल. भिवंडीकर दादांनी जे लिहिलं ते तर माझ्या उद्याच्या प्रतिसादाचं निम्मं काम करून गेलं.

समेटाबद्दल सरांची हरकत रास्त आहे आणि ती टाळून पुढे जाऊ नये. म्हणूनच वर्णद्वेषी राजवट संपल्यावर नेमलेला दक्षिण आफ्रिकेचा सत्य आणि समेट आयोग वाचताना दोन्ही बाजू वाचा. डेस्मंड टुटू अध्यक्ष होते, सुनावण्या १९९६ च्या एप्रिलमध्ये सुरू झाल्या. राजकीय हेतूने केलेला गुन्हा संपूर्ण उघड केला तर माफी मिळू शकत होती. पश्चात्ताप दाखवण्याची अट नव्हती. सात हजारांवर अर्ज आले, माफी ८४९ जणांना मिळाली. वर्णद्वेषाविरुद्ध लढणाऱ्या, पोलिसांच्या कोठडीत मारल्या गेलेल्या स्टीव्ह बिकोच्या घरच्यांनी या माफीच्या तरतुदीलाच घटना न्यायालयात आव्हान दिलं होतं. ते हरले. मात्र बिकोला मारणाऱ्या पोलिसांचे माफीचे अर्ज पुढे आयोगाने फेटाळले. आणि ज्यांनी जाहीरपणे रडत साक्षी दिल्या त्यांना कित्येक वर्षांनी एकरकमी ३० हजार रँड (तिथलं चलन) मिळाले, आयोगाने सुचवल्यापेक्षा खूप कमी. तुमच्या त्या मुलीचं वाक्य तिथल्या हजारो घरांत बोललं गेलं आहे, हे तिला कळलं पाहिजे.

याच आयोगावर काम केलेल्या मानसशास्त्रज्ञ पुम्ला गोबोडो-मादिकिझेला यांचं 'अ ह्यूमन बीइंग डाइड दॅट नाइट' हे लहानसं पुस्तक आहे. वर्णद्वेषी राजवटीच्या मारेकरी पथकाचा प्रमुख यूजीन द कॉक याला त्या तुरुंगात जाऊन भेटत राहिल्या. क्षमेचा गोडवा गाणारं पुस्तक नाही. एका भेटीत त्या त्याच्या थरथरत्या हाताला स्पर्श करतात आणि नंतर त्या स्पर्शाने स्वतःच हादरून जातात, तो भाग मी कितीदा वाचला असेल. हे पुस्तक मुलांना लगेच देऊ नका. आधी तुम्ही वाचा.

गांधींसाठी बंगालमधली दंगलग्रस्त नोआखाली आणि कलकत्ता घ्या, १९४६-४७ ची. पण भक्ताने लिहिलेलं घेऊ नका. निर्मल कुमार बोस हे मानववंशशास्त्रज्ञ तिथे त्यांचे सचिव आणि बंगाली दुभाषे होते, मतभेद झाल्यावर सोडून गेले. त्यांचं 'माय डेज विथ गांधी' वाचा. जवळ राहिलेला आणि न पटलेलं लिहून ठेवणारा माणूस. १ सप्टेंबर १९४७ ला कलकत्त्यात सुरू झालेला उपवास ७३ तासांनी सुटला, तो हिंदू, मुसलमान आणि शीख पुढाऱ्यांनी लेखी हमी दिल्यावर. मला त्यात वकिलाची नजर दिसते. नुसत्या आश्वासनावर ते उठले नाहीत, सह्या घेतल्या.

शेवटी एक करून पाहण्याजोगं. जॉन पॉल लेडरॅक हे मेनोनाइट या शांततावादी ख्रिस्ती पंथाचे मध्यस्थ, १९८० च्या दशकात मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वात सरकार आणि पूर्व किनाऱ्यावरचे आदिवासी यांच्यातल्या समेटात होते. तिथे गावसभा सुरू होताना बायबलमधलं ८५ वं स्तोत्र वाचलं जाई. त्यात सत्य, करुणा, न्याय आणि शांती एकमेकांना भेटतात. त्यावरून त्यांनी एक प्रयोग बसवला. चार गट करायचे, प्रत्येकाने यांपैकी एक व्हायचं आणि तिच्या तोंडून बोलायचं: या भांडणात मला काय हवं, बाकीच्या तिघींपैकी कुणाची भीती वाटते? मी हा प्रयोग एका जमिनीच्या वादात, अर्थात बराच बदलून, दोन भावांबरोबर केला. धाकटा 'न्याय' झाला आणि मोठ्याला 'सत्य' व्हावं लागलं. मोठ्याला बोलायला फार वेळ लागला. पण सातबारावरचं नाव वडिलांच्या आजारपणात कसं चढलं, ते तो त्या दिवशी पहिल्यांदा बोलला. तुमच्या गटात गावची दंगल घेऊ नका, निदान सुरुवातीला नको. महाड घ्या. आणि त्या मुलीला जबरदस्तीने 'करुणा' करू नका. ती 'न्याय' होऊ दे, तिला हवं असेल तर.

ग्रंथपाल_ताई

सगळ्यांचे मनापासून आभार. हे सगळं प्रिंट काढून फायलीला लावलं.

शासनाचे खंड आमच्याकडे निघाले, वरच्या कपाटात, न उघडलेले. काल रविवारी 'बहिष्कृत भारत'मधला महाडचा मजकूर वाचला. मी वाचणार होते, पण फत्तेखान यांच्याबद्दल मी सांगितलं तेव्हा एक मुलगा म्हणाला, मॅडम, पुढचं मी वाचतो. आजवर गटात कधी तोंड न उघडलेला. मग पानं हातोहात फिरली. अफवेच्या भागाशी सगळे थांबले. कुणी आपल्या गावाचं नाव घेतलं नाही आणि मीही घेतलं नाही. दुकानवाली मुलगी म्हणाली की मला दहा वर्षं कज्जा चालवणारे आवडले. पुढच्या वेळी नॅशव्हिलची नियमांची यादी घेणार आहे, मराठीत उतरवायचं काम दोघांनी मिळून घेतलं आहे, दोन वेगळ्या खोल्यांतल्या दोघांनी.

खोपडे यांचं पुस्तक जिल्ह्याच्या दुकानात मिळालं नाही. कुठे मिळेल?

मागवाला_भिवंडी

ताई, पत्ता व्यक्तिगत निरोपातून कळवा, माझ्याकडची प्रत टपालाने पाठवतो. वाचून झाली की परत पाठवा, घाई नाही. वडिलांशी बोललो. फोन स्पीकरवर लावून मुलांचे प्रश्न घ्यायला ते तयार आहेत. ऐकू थोडं कमी येतं, म्हणून प्रश्न आधी लिहून पाठवलेत तर बरं. आणि संध्याकाळी सातनंतर ठेवा.